न उघडणारा खेळ : प्रत-संरक्षणाचा एक अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिकासाठी कलाशाखेच्या विद्यार्थिनीने कविता द्यावी, प्रवासवर्णन द्यावे, फार तर एखाद्या संतकवीवर लेख लिहावा, अशी आपल्याकडे रीत आहे. मी संगणकाच्या खेळावर लिहीत आहे हे पाहून काही जणांना हसू येईल. परंतु दिवाळीच्या सुट्टीतील माझे अकरा दिवस या एका खेळाने खाल्ले, आणि त्या अकरा दिवसांत जे वाचावे लागले, तपासावे लागले, ते कोठेतरी नीट मांडून ठेवावे असे वाटले. शिवाय या प्रकरणात माझ्या वडिलांच्या पारखीचा प्रश्न गुंतला होता. तो कसा, ते आधी सांगते.

आप्पा भंगाराचा धंदा करतात. तीनचाकी टेम्पो आहे, त्यातून माल आणायचा, निवडायचा, वजन करून पुढे द्यायचा. ते सातवीपर्यंत शिकले. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. पितळ कोणते आणि पितळेचा मुलामा कोणता, तांब्याच्या तारेत भेसळ किती, हे ते हातात घेतल्याबरोबर सांगतात, आणि बाजारात त्यांचा शब्द चालतो. दिवाळीच्या आधी एका बंगल्याच्या रद्दीत त्यांना एक खोके मिळाले. आत मोटारींच्या शर्यतीच्या खेळाची तबकडी, माहितीपुस्तक आणि परवलीचा क्रमांक छापलेला कागद, सारे शाबूत. आप्पांनी ते वजनात न घालता वेगळे काढले, धुतल्या फडक्याने पुसले आणि मला आणून दिले. "अस्सल आहे. खालून बघ, चांदीसारखी आहे. निळसर असती तर कोणीतरी उतरवून घेतलेली," असे ते म्हणाले. आप्पांनी मला वही-पुस्तकाव्यतिरिक्त आणलेली ही पहिली वस्तू. (खेळाचे व तो काढणाऱ्या कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. माझे भांडण कोणा एकाशी नाही.)

आमच्याकडे जुना घेतलेला एक संगणक आहे, त्यावर विंडोज १० आहे. तबकडी घातली, खेळ बसवला, काहीही अडले नाही. मग चित्रावर दोनदा टिचकी मारली. संगणकाने विचारले, या कार्यक्रमाला परवानगी द्यायची का? मी होय म्हटले. आणि पुढे काहीच नाही. चूक झाल्याचा संदेश नाही, पडदा काळा होणे नाही. जणू मी काही दाबलेच नव्हते. आप्पा शेजारी स्टुलावर बसले होते. पाच-सात वेळा तेच झाल्यावर ते उठले आणि म्हणाले, "राहू दे. अभ्यास कर."

दुसऱ्या दिवशी मी तबकडी घेऊन चौकातील ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानात गेले. तेथील मुलाने ती उलटसुलट केली आणि सांगितले, "डुप्लिकेट असणार. भंगारातली ना?" वर हेही म्हणाला की पाच मिनिटांत 'क्रॅक' उतरवून देतो, म्हणजे तबकडी लागणारच नाही. मी नको म्हटले. घरी आल्यावर आप्पांनी विचारले तेव्हा ते वाक्य माझ्या तोंडून निसटले. आप्पा काही बोलले नाहीत. पण रात्री त्यांनी ते खोके पुन्हा उघडून तबकडी दिव्याखाली धरलेली मी पाहिली. तेव्हा मी ठरवले की खेळ चालो अथवा न चालो, ही तबकडी खरी की खोटी याचा निकाल लावायचाच.

बिघाड शोधण्याची पद्धत आप्पांच्याच धंद्यातली आहे. जे नाही ते बाजूला काढत जायचे, उरेल तो माल. पहिली शंका, तबकडी वाचली जात नसेल. पण तीवरील सर्व फायली दिसत होत्या आणि खेळ शेवटपर्यंत बसला होता. दुसरी शंका, खेळ फार जुना असेल. फार जुन्या काही खेळांचे बसवणारे कार्यक्रम सोळा बिटांचे असतात आणि चौसष्ट बिटांच्या विंडोजवर ते मुळी चालतच नाहीत. येथे बसवण्याचे काम पार पडलेले असल्याने तीही शंका गेली. तिसरी, चित्रे काढणारे कार्ड. त्याच काळातला दुसरा एक खेळ याच संगणकावर व्यवस्थित चालत होता. मग 'कंपॅटिबिलिटी मोड' नावाची सोय वापरली. तिच्यामुळे नवी विंडोज जुन्या कार्यक्रमापुढे जुन्या विंडोजचे सोंग घेते. फरक पडला नाही. त्याचे कारण मला नंतर कळले.

चौथ्या दिवशी मी तबकडीवरील फायलींची यादी एकेक करून वाचली. त्यात '०००००००१.टीएमपी' अशा विचित्र नावाची एक फाइल होती. खेळाशी हिचा काय संबंध, म्हणून शोध घेतला, आणि धागा तेथे लागला. ही फाइल म्हणजे 'सेफडिस्क' नावाच्या कुलपाची खूण.

हे कुलूप काय आहे ते समजण्यासाठी तबकडी कशी असते ते थोडे पाहिले पाहिजे. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर आतून बाहेर जाणारी एकच लांबलचक नागमोड असते. तिच्या दोन वेढ्यांमधील अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दीडपटीहून किंचित अधिक, म्हणजे १.६ मायक्रोमीटर. त्या रेघेवर सूक्ष्म खळगे असतात आणि लेसरचा किरण ते वाचतो. मजकुराचे लहान लहान खंड पाडलेले असतात. प्रत्येक खंडात २,३५२ बाइट, त्यांतील २,०४८ खऱ्या मजकुराचे. बाकीच्या जागेचा मोठा भाग वाचनातील चूक ओळखून ती दुरुस्त करण्यासाठी राखलेला. म्हणूनच थोडा ओरखडा पडलेली तबकडीही वाचता येते. (तबकडी मधून बाहेर अशी सरळ पुसावी, गोल गोल पुसू नये, असे सांगतात त्याचेही कारण हेच. आडवा ओरखडा प्रत्येक वेढ्याला थोडेच इजा करतो, ते भरून काढता येते. रेघेच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग मजकूर खातो.)

आता कारखान्यात साच्यातून छापलेली तबकडी आणि घरच्या यंत्रावर लेसरने जाळून लिहिलेली तबकडी यांत फरक असतो. आप्पांनी पाहिलेला चांदी आणि निळसर रंग हा त्यातलाच. जाळून लिहावयाच्या तबकडीत रंगद्रव्याचा थर असतो. परंतु संगणकाला रंग दिसत नाही, त्याला फक्त अंक दिसतात, आणि अंक तर दोन्हीकडे सारखेच. मग खरी कोणती हे त्याने कसे ओळखावे? सेफडिस्क करणाऱ्यांनी त्यावर काढलेली युक्ती मला फार चतुर वाटली. त्यांनी खऱ्या तबकडीत मुद्दाम दोष घातला! पहिल्या आवृत्तीत तबकडीच्या सुरुवातीच्या भागातील हजारो खंड जाणून बुजून वाचता न येणारे ठेवले. नक्कल करणारे यंत्र त्या ठिकाणी अडखळते किंवा 'सुधारून' लिहिते. म्हणजे जी तबकडी सर्वत्र निर्दोष, ती खोटी. पुढच्या आवृत्तीत याहून बारीक काम केले. अंकांची अशी काही जुळणी घातली की ती खळग्यांच्या भाषेत नेमकी उतरवणे त्या काळच्या बहुतेक घरगुती यंत्रांना जमेना. कारखान्याच्या तबकडीवर ते खंड वाचता येत, नकलेवर येत नसत. खेळ सुरू होताना आधी एक छोटा पहारेकरी उठतो, ठराविक ठिकाणी जाऊन ही खूण पाहतो, पटली तरच कुलुपात ठेवलेला मुख्य कार्यक्रम उलगडून देतो.

हे कुलूप ब्रिटनमधील सी-डिला या कंपनीचे. १९९९ साली ती अमेरिकेतील मॅक्रोव्हिजनने विकत घेतली. सोनीच्या तबकड्या करणाऱ्या कंपनीचे 'सिक्युरॉम' हे याच जातीचे दुसरे. त्याच्या पुढील आवृत्त्या तर एका खंडापासून दुसऱ्या खंडापर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते मोजून तबकडीवरील त्यांची जागा ताडून पाहत.

याच्याही आधी, तबकड्या नव्हत्या तेव्हा, कुलुपे कागदाची होती. १९८९ च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या खेळात एके ठिकाणी माहितीपुस्तकातील अमुक पानावरील अमुक शब्दाचे आद्याक्षर सांगावे लागे. १९९० च्या 'मंकी आयलंड'बरोबर पुठ्ठ्याची दोन चाके मिळत, ती फिरवून चाच्यांचे चेहरे जुळवायचे आणि उत्तर द्यायचे. इंग्लंडमध्ये १९८५ च्या सुमारास 'लेन्सलॉक' नावाचे प्लॅस्टिकचे भिंग निघाले होते. पडद्यावर विस्कटलेली अक्षरे दिसत, भिंग धरले की ती जुळत. 'एलिट' या खेळाच्या काही प्रतींबरोबर चुकून भलत्याच खेळाचे भिंग गेले. त्या गिऱ्हाइकांनी पैसे मोजले, भिंग डोळ्याला लावले आणि तरीही ते दाराबाहेरच राहिले. ही हकीगत वाचून मला माझीच आठवण झाली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तबकडी खरी असेल तर खूण तिच्यावर आहेच. मग पहारेकऱ्याला ती दिसली का नाही?

साधा कार्यक्रम हा संगणकात दिवाणखान्यातल्या पाहुण्यासारखा असतो. त्याला हवे ते तो विंडोजकडे मागतो, आणि विंडोज आतून आणून देते. माजघरात जाण्याची त्याला मुभा नसते. सेफडिस्कला आपली तपासणी कोणी चकवू नये म्हणून तबकडीच्या यंत्राशी अगदी आतून बोलायचे होते. म्हणून त्याने आपला एक माणूस थेट माजघरात नेमला. त्याचे नाव 'सेकडीआरव्ही.सिस'. अशा माणसाला ड्रायव्हर म्हणतात, आणि त्याला घरात कोठेही हिंडता येते. विंडोज एक्सपीपासून पुढे कित्येक वर्षे मायक्रोसॉफ्ट स्वतःच हा ड्रायव्हर विंडोजबरोबर देत असे. म्हणजे ज्याने आयुष्यात कधी खेळ खेळला नाही त्याच्याही माजघरात हा माणूस बसलेला होता.

२००७ साली असे निघाले की या माणसाला फसवून साधा पाहुणाही घराचा मालक होऊ शकतो. मर्यादित अधिकार असलेल्या वापरकर्त्याला सर्वाधिकार मिळावेत अशी चूक त्या ड्रायव्हरमध्ये होती. डिसेंबर २००७ मध्ये ती दुरुस्त करण्यात आली. परंतु अशा माणसांवरचा विश्वास त्याआधीच डळमळू लागला होता. २००५ च्या ऑक्टोबरअखेर मार्क रसिनोविच या तज्ज्ञाने दाखवून दिले होते की सोनी-बीएमजीच्या काही गाण्यांच्या तबकड्या संगणकात गुपचूप एक कार्यक्रम बसवतात, तो स्वतःला लपवतो, आणि विशिष्ट अक्षरांनी सुरू होणारी कोणतीही फाइल त्याच्या आडोशाला लपू शकते. म्हणजे चोरासाठी केलेली अडगळ मालकाच्या घरात, आणि तिच्यामागे तिसऱ्याच चोराला लपायची सोय. २९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० आली तेव्हा सेफडिस्कचा ड्रायव्हर तिच्यात घेतलाच नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आधीच्या विंडोज व्हिस्टा, ७, ८ आणि ८.१ यांमध्येही तो सुरक्षेच्या कारणास्तव बंद करण्यात आला.

हे वाचल्यावर मी आज्ञा लिहिण्याची काळी खिडकी उघडून 'एससी क्वेरी सेकडीआरव्ही' अशी चौकशी केली. उत्तर आले, १०६०, अशी सेवा येथे बसवलेली नाही. सातव्या दिवशी मिळालेले हे पहिले स्पष्ट उत्तर! कंपॅटिबिलिटी मोडचा उपयोग का झाला नाही तेही आता उमगले. जुन्या घराचे सोंग आणता येते, पण माजघरातला गेलेला माणूस सोंगाने परत येत नाही.

मी आप्पांना हे असे सांगितले : आपल्या काट्याची वजने दरवेळी वजनमापे खात्याकडून तपासून त्यांवर शिक्का मारून घ्यावा लागतो. समजा, शिक्का ओळखणारा साहेबच गावातून गेला, नवा कोणी आला नाही, आणि दुकानाच्या दाराला अशी कडी आहे की साहेबाने शिक्का पाहिल्याशिवाय ती निघत नाही. तर वजन खोटे ठरते का? आप्पा म्हणाले, "वजन वजनच राहतं. पण दुकान बंद राहतं." आणि थोड्या वेळाने, "मग शिक्का खरा आहे हे आता दाखवायचं कोणाला?"

प्रश्न बिनतोड होता. क्रॅक का नको, हे मला त्या वेळी खऱ्या अर्थाने कळले. तोवर माझी कारणे दोनच होती. एक म्हणजे अनोळखी ठिकाणाहून आणलेला कार्यक्रम आपल्या हाताने घरात घेणे, आणि ज्या संगणकावर शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात त्यावर तो चालवणे, हे मला धोक्याचे वाटत होते. दुसरे कायद्याचे. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५-अ आले. हक्कभंग करण्याच्या हेतूने असे संरक्षण तोडणाऱ्यास त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. 'हक्कभंग करण्याच्या हेतूने' हे शब्द महत्त्वाचे. विकत घेतलेली वस्तू वापरणे हा हक्कभंग कसा, असे कोणी विचारले तर मलाही ते पटते. त्याच कायद्याच्या कलम ५२ नुसार संगणकीय कार्यक्रमाची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला तो ज्यासाठी दिला आहे त्या उपयोगासाठी, आणि हरवण्या-बिघडण्यापासून बचाव म्हणून, प्रत करून ठेवता येते. अमेरिकेतही २००३ आणि २००६ साली ग्रंथालयांना व अभिलेखागारांना अशी सवलत मिळाली होती की कालबाह्य स्वरूपातल्या, आणि चालण्यासाठी मूळ तबकडीच मागणाऱ्या, जुन्या कार्यक्रमांचे व खेळांचे कुलूप जतनासाठी उघडावे. तेव्हा या बाबतीत न्याय अगदीच कुलूपवाल्याच्या बाजूने आहे असे नाही. माझ्या मते तर ज्याने कुलूप लावले त्याने धंदा आवरताना ते काढून द्यावे. काही कंपन्यांनी तशा दुरुस्त्या दिल्याही, आणि पोलंडमधील 'गॉग' हे दुकान २००८ पासून जुने खेळ कुलपाविनाच विकत आले आहे. माझा खेळ मात्र तेथे नव्हता.

परंतु ही दोन्ही कारणे बाजूला ठेवली तरी तिसरे उरते. क्रॅक पहारेकऱ्यालाच काढून टाकतो. मग तबकडी खरी असो की खोटी, खेळ चालतोच. त्याने आप्पांच्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नव्हते. मला तोच पहारेकरी जिवंत हवा होता, आणि त्याच्या तोंडून साक्ष हवी होती.

तो कोठे सापडला ते सांगायला मला थोडी लाजच वाटते, कारण आठ दिवस मी त्याच्या शेजारून ये-जा करीत होते. आमच्या गोदामात, बंद पडलेल्या एका कार्यालयातून वजनावर आलेले चार संगणक पडले होते. पुढच्या आठवड्यात फोडून त्यांचे तांबे-अॅल्युमिनियम वेगळे व्हायचे होते. त्यांतील दोन सुरू झाले, आणि एकावर विंडोज एक्सपी होती. या विंडोजला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ नंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या देणे थांबवले, म्हणून तिला इंटरनेट जोडणे शहाणपणाचे नाही. मी जोडले नाही. काळी खिडकी उघडून तीच चौकशी केली. या वेळी १०६० आले नाही. माणूस माजघरात होता.

खेळ बसवला, सुरू केला. बाणाच्या शेजारी एक लहानशी तबकडी दिसू लागली, म्हणजे तपासणी चालू आहे. मिनिटभर यंत्र घरघरले, आणि पडद्यावर अक्षरे आली : योग्य तबकडी घालून पुन्हा प्रयत्न करा.

सुदैवाने आप्पा त्या वेळी टेम्पो घेऊन बाहेर गेले होते. मी बराच वेळ ते वाक्य बघत बसले. दुकानातला मुलगा एकदा तेच म्हणाला होता, आता खुद्द पहारेकरीही म्हणत होता. मग मनात आले की साक्षीदाराने 'नाही' म्हणण्याआधी त्याला दिसते तरी आहे ना, हे पाहिले पाहिजे. ही तपासणी म्हणजे वाचायला मुळातच अवघड असे खंड वाचणे. कित्येक वर्षे धूळ खाल्लेल्या भिंगाला साध्या फायली वाचता येतील आणि हे खंड येणार नाहीत, असे सहज होऊ शकते. आमच्या ढिगात तबकडीच्या यंत्रांना तोटा नव्हता. त्याच रुंद पट्टीच्या वायरीवर बसणारी तीन निवडली. पहिल्याचा कप्पा उघडेना. दुसऱ्याने पुन्हा तोच संदेश दिला. तिसरे बसवीत असताना बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज आला.

आप्पा आत आले तेव्हा ती लहानशी तबकडी बाणाशेजारी दिसत होती. ते माझ्या पाठीशी उभे राहिले, हातातली पावती तशीच धरून. बाण साधा झाला, पडदा क्षणभर काळा पडला आणि मोटारीच्या इंजिनाचा आवाज गोदामभर घुमला. मी मागे वळून म्हटले, "आप्पा, अस्सल आहे. त्यानंच सांगितलं."

"मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं," ते म्हणाले.

मग स्टूल ओढून ते बसले. पाऊण तास आम्ही आळीपाळीने गाडी हाकली. वळणावर ब्रेक न दाबणे आणि धडकूनही पत्रा न चेपणे ह्या दोन गोष्टी त्यांना अजिबात पटल्या नाहीत. रात्री त्यांनी मालाची वही काढली, त्या लॉटच्या वजनासमोर रेघ ओढून नऊ किलो वजा केले, आणि पुढे कंसात माझे नाव लिहिले.